रात्रीचं शहर: दिवे पांढरेफटक, आकाश डांबरी, खिडक्या हललेल्या, दर वेळी हेच होत असेल तर

प्रॉब्लेम ओळखीचा आहे. उंच जागा शोधली, ट्रायपॉड लावला, समोर सगळं शहर लखलखतंय, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो बघितला तर एकदम झकास, आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडला की तोंड पडतं. पाट्यांवरची अक्षरं जळून पांढरी, रस्त्यावरचे दिवे म्हणजे नुसते पिवळे गोळे, आकाश डांबर ओतल्यासारखं आणि खिडक्या मोजायला गेलं तर एकही धड नाही. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं, सेटिंग बदलून बघायचं आणि पुन्हा तोच फोटो घेऊन परत यायचं. मी हे दीड-दोन वर्षं केलंय. मध्ये एकदा वाटलं की आपली लेन्सच साधी आहे, म्हणून मोठ्या अॅपर्चरची, म्हणजे उजेड आत घेणारं भोक जास्त उघडणारी, उसनी आणली, तर फोटो तोच, फक्त कोपरे आणखी वाईट.

सुटलं कशावरून ते आधी सांगते, कारण तुम्हीही तपासायला तिथूनच सुरुवात करा असं माझं म्हणणं आहे. एके दिवशी वैतागून रात्रीचे सगळे जुने फोटो काढले, आवडलेले एकीकडे, फसलेले एकीकडे, आणि प्रत्येक फाइलची वेळ बघितली, फोटो कधी काढला ते फाइलमध्ये असतंच. फसलेले झाडून सगळे सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी काढलेले. आवडलेले जेमतेम आठ-दहा, आणि ते सगळे सूर्यास्तानंतरच्या २० ते ४० मिनिटांतले, तेसुद्धा मी लवकर पोचले होते आणि करायला काही नव्हतं म्हणून टेस्ट म्हणून काढलेले. टेस्ट चांगल्या येत होत्या, आणि ज्याच्यासाठी अंधार पडायची वाट बघत बसायचे तोच फोटो फसत होता. म्हणजे अर्धी गडबड सेटिंगमध्ये नव्हतीच, मी दर वेळी उशिरा फोटो काढत होते.

उशीर म्हणजे नक्की काय

पूर्ण अंधार झाला की दिवा आणि आकाश यांच्यातला उजेडाचा फरक कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो. चांगला सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, सगळ्यात कमी आयएसओला, म्हणजे उजेडाला कमीत कमी संवेदनशील ठेवल्यावर, साधारण १२ ते १४ स्टॉपचा फरक एका फाइलमध्ये पकडतो, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, पण पेटलेला उघडा दिवा आणि त्याच्या मागची अंधारातली भिंत यांच्यातला फरक याच्याही पुढे सहज जातो. मग दिवे सांभाळले की बाकी सगळं काळं आणि भिंत दिसायला हवी म्हटलं की दिवे जळणार. कुठलंही सेटिंग यातून सुटका करत नाही, कारण प्रॉब्लेम समोरच्या दृश्यातच आहे.

सूर्य मावळल्यावर थोडा वेळ असा येतो की आकाशाचा उजेड उतरत उतरत दिव्यांच्या उजेडाच्या जवळपास येऊन पोचतो. फोटोवाले याला ब्लू अवर म्हणतात, अवर म्हणजे तासबिस काही नाही, सूर्य क्षितिजाच्या साधारण ४ ते ८ अंश खाली असतो तेवढाच वेळ. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो म्हणून हे पटकन उरकतं, १५-२० मिनिटांत खेळ खलास, आणि जसजसं ध्रुवांकडे जाल तसं ते लांबत जातं. तो निळा रंग एडिटिंगचा नाही हेही सांगून ठेवते, सूर्य खाली गेल्यावर त्याचा उजेड ओझोनच्या थरातून खूप लांबचा तिरका प्रवास करून येतो आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग गिळतो, उरतो तो निळा. डोळ्यांना एवढा जाणवत नाही, कॅमेऱ्याला बरोबर दिसतो.

आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. तुम्ही कुठल्या दिशेला बघताय त्यावर ही वेळ बदलते. मावळतीच्या बाजूचं आकाश बराच वेळ उजळ राहतं, उलट पूर्वेचं आकाश लवकर काळवंडतं, त्यामुळे पूर्वेकडची इमारतींची रांग काढायची असेल तर तुमची वेळ १०-१५ मिनिटं आधीच येते. दोन वेगळ्या जागांवर एकच घड्याळ लावून गेलं की एका जागी जमतं, दुसऱ्या जागी नाही, आणि आपण दोष देतो लेन्सला.

तर करायचं काय, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच जागेवर हजर. उजेड आहे तोवर फ्रेम ठरवा, फोकस लावून ठेवा, क्षितिज सरळ करा, आणि मग कॅमेऱ्याला हात न लावता दर दोन-तीन मिनिटांनी एक फोटो काढत राहा, आयएसओ आणि अॅपर्चर तेच, फक्त शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, वाढवत न्यायचं. सुरुवातीला १/४ सेकंद, शेवटी १५-२० सेकंद अशी रांग तयार होते. घरी येऊन त्यातला एक निवडायचा. नेमका कुठला चांगला येईल हे मला आजही तिथं उभं राहून सांगता येत नाही, म्हणून सगळे काढते.

इमारतींचे दिवे लागलेले हवे असतील तर वार आणि ऋतूही बघा. सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या इमारती अर्ध्या अंधारात असतात. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो म्हणून लोक अजून कामावर असतानाच निळं आकाश मिळतं, उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी ब्लू अवर येईपर्यंत ऑफिसं रिकामी झालेली असतात. पहाटेची वेळही तेवढीच चांगली, हवा स्वच्छ, वारा कमी, पण खिडक्या बंद आणि रस्ते रिकामे, त्यामुळे चित्र वेगळंच येतं, गाफील राहू नका.

वेळ बरोबर होती तरी दिवे जळतात

मग एक्सपोजर, म्हणजे फोटोत एकूण उजेड किती घ्यायचा, ते बघू. कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला रात्र कळत नाही. समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या उजेडाचं करायचं एवढंच त्याला शिकवलेलं असतं, म्हणून फ्रेममध्ये काळं आकाश जास्त असेल तर तो सगळं उजळ करायला बघतो आणि दिवे जाळून टाकतो, आणि मधोमध एखादी मोठी पेटलेली पाटी असेल तर उलटं, तिला घाबरून सगळं अंधारं करतो. म्हणून ऑटोवर एकाच जागेवरचे दोन फोटो दोन तऱ्हेचे येतात. अॅपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे अॅपर्चर आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने, असं काढायचं असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन वजा १ ते वजा २ पासून सुरू करून बघा, पण खरं सांगायचं तर ट्रायपॉडवर मॅन्युअलच सोपं आहे, काहीही घाई नसते.

मी सुरुवात करते आयएसओ १००, एफ ८ (हा अॅपर्चरचा आकडा, आकडा मोठा तसं भोक लहान) आणि ४-५ सेकंद इथून. हा काही मंत्र नाही, एक टेस्ट फोटो काढायचा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, बघायचा. स्क्रीनवरच्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, अंधारात डोळे सरावलेले असतात आणि स्क्रीन पूर्ण उजेडात पेटलेली असते, त्यामुळे अंधारा फोटोही छान उजळ वाटतो, हीच ती घरी आल्यावर तोंड पाडणारी भानगड. स्क्रीनची ब्राइटनेस ऑटोवरून काढून हाताने खाली आणा, आणि जळलेला भाग लुकलुकतो ते हायलाइट अलर्ट चालू करा.

आता इथं लोक दुसऱ्या टोकाला जातात. एकही ठिपका लुकलुकता कामा नये म्हणून एक्सपोजर इतकं खाली आणतात की फोटोत नुसते ठिपके उरतात. उघडा दिवा, म्हणजे ज्याचा बल्ब थेट दिसतोय तो, जळणारच, जळू द्या, डोळ्यांनाही तो पांढराच दिसतो. सांभाळायचं काय, तर दिव्याचा उजेड ज्याच्यावर पडलाय ते, पाटीवरची अक्षरं, उजळलेली भिंत, घुमट, पुलाची कमान. मी सगळ्यात आधी पाटी झूम करून बघते, अक्षरं वाचता आली तर एक्सपोजर बरोबर, दिव्यांचं काही का होईना.

रंगीत पाट्यांचा एक छुपा त्रास आहे. लाल किंवा निळ्या पाटीचा साधा पांढरा हिस्टोग्राम व्यवस्थित दिसतो पण आत एकटा लाल चॅनल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, उजव्या कडेला धडकलेला असतो, आणि घरी आल्यावर ती पाटी म्हणजे लाल रंगाचा सपाट डाग, अक्षरांच्या कडा गायब. त्यासाठी तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा. बाकी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा हे मी सांगायला नको, जेपेगमध्ये गेलेला हायलाइट गेलाच, रॉमध्ये थोडा तरी परत येतो. सावल्या मात्र कमी आयएसओच्या रॉमधून बऱ्याच वर ओढता येतात, म्हणून चुकायचंच असेल तर थोडं अंधाराकडे चुका.

टेस्टसाठी दर वेळी १६-१६ सेकंद थांबायचा कंटाळा येत असेल तर आयएसओ ३२०० करून अर्ध्या सेकंदाचा फोटो काढा. १०० ते ३२०० म्हणजे ५ स्टॉप, ५ स्टॉप म्हणजे ३२ पट, अर्ध्या सेकंदाचे ३२ पट १६ सेकंद. फ्रेम आणि उजेड दोन्ही पटापट बघून होतात, मग आयएसओ परत १०० वर आणायला तेवढं विसरू नका, मी विसरलेय, एकदा नाही, बऱ्याचदा.

वेगवेगळ्या एक्सपोजरचे तीन फोटो काढून जोडणे, ब्रॅकेटिंग, हे चालतं पण माझं मत जरा वाकडं आहे. एचडीआरचं बटण दाबून आपोआप जोडलेला फोटो बहुतेक वेळा रात्र वाटतच नाही, सावल्या सगळ्या उघड्या पडतात आणि दिव्यांभोवती घाण करडी वलयं. मी फक्त दोन फोटो वापरते, एक निळ्या आकाशाच्या वेळचा, एक अर्ध्या तासाने खिडक्या पेटल्यावरचा, ट्रायपॉड जागचा न हलवता, आणि दुसऱ्यातल्या फक्त खिडक्या हाताने पहिल्यात आणते.

फोटो हललाय की फोकस गेलाय, ते दिव्याला विचारा

हा भाग नीट वाचा, कारण "फोटो शार्प येत नाही" या एका तक्रारीखाली सहा-सात वेगळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. रात्रीच्या फोटोत एक सोय असते ती दिवसा नसते, फ्रेमभर पसरलेले बारीक दिवे. लांबचा छोटा दिवा १०० टक्के झूम करून बघा, काय बिघडलंय ते त्याचा आकारच सांगतो.

प्रत्येक दिव्याला त्याच बाजूला तशीच छोटी शेपटी किंवा हूक आलाय, तर कॅमेरा हललाय. एकाऐवजी दोन ठिपके आणि मध्ये पुसट रेघ, तर ट्रायपॉड मध्येच एकदा धक्का बसून सरकलाय, पाय खचला असेल किंवा डोक्याचा स्क्रू सैल. सगळे दिवे सारखेच गोल, मऊ, कापसासारखे, तर तो फोकस. मधले दिवे टोकदार आणि कोपऱ्यातल्या दिव्यांना पक्ष्यासारखे पंख फुटलेत, तर ती लेन्स पूर्ण उघडी वापरल्याची खूण, अॅपर्चर एफ ५.६ किंवा ८ वर आणा, माझ्या उसन्या लेन्सची तीच कथा. दिवे टोकदार पण झाडाची पानं पुसट, तर वारा, तुमची काही चूक नाही. जवळच्या इमारती कडक आणि लांबच्या लहरल्यासारख्या, आणि झूम लेन्स होती, तर ती तापलेली हवा, दिवसभर तापलेल्या गच्च्या आणि रस्ते रात्री उष्णता सोडत राहतात, याला कुठलंही बटण नाही, पाऊस पडून गेल्यावर किंवा पहाटे जा.

आणि फ्रेममध्ये जिथे दिवाच नाही तिथे, आकाशात, हिरवट फिके ठिपके भुतांसारखे तरंगताना दिसले तर घाबरू नका. फ्रेमच्या मध्यातून कल्पनेने रेघ मारा, प्रत्येक भुताच्या बरोबर समोरच्या बाजूला एक खरा दिवा सापडेल. लेन्सच्या पुढे लावलेल्या सपाट काचेवरून, म्हणजे आपल्या लाडक्या यूव्ही फिल्टरवरून, उजेड परावर्तित होतोय. फिल्टर काढा, भुतं गेली. रात्री कुठलाच फिल्टर ठेवू नका, लेन्सच्या संरक्षणासाठी हूड आहे.

कॅमेरा हलत असेल तर आधी स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बघा. बऱ्याच लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर स्वतःच थरथर निर्माण करतं, न हलणारी गोष्ट सावरायला जाऊन हलवतं. काही नवे कॅमेरे ट्रायपॉड ओळखून ते आपोआप आवरतं घेतात, पण तुमचा ओळखतो की नाही ते चालू-बंद करून दोन फोटोंत कळेल. मग ट्रायपॉडची मधली दांडी, ती वर काढलेली असेल तर तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं, खाली घ्या. पाय उघडताना वरचे जाड तुकडे आधी, बारीक सगळ्यात शेवटी. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाका, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो. बॅग खाली अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर झोके घेत बसते. शटर बोटाने दाबू नका, २ सेकंदांचा टायमर लावा, लेन्स लांबलचक असेल तर १० सेकंदांचा. आरशाच्या कॅमेऱ्यात आरसा वर उचलल्याचा धक्का साधारण १/१५ ते १ सेकंदाच्या दरम्यान सगळ्यात जास्त दिसतो, तिथे मिरर लॉक (आरसा आधीच वर करून ठेवणं) किंवा लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून काढणं) वापरा, २० सेकंदांच्या फोटोत तो धक्का विरून जातो.

पुलावर उभे असाल तर वरचं सगळं करूनही हलणार, कारण पूलच हलतो. मोठं वाहन गेलं की पायाला जाणवतं. यावर मला सापडलेला सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे एका १६ सेकंदांच्या फोटोऐवजी २ सेकंदांचे ८ फोटो काढायचे, त्यासाठी आयएसओ ८०० वर न्यायचा, हललेले फेकून द्यायचे आणि उरलेल्यांची एडिटिंगमध्ये सरासरी काढायची. वाढवलेल्या आयएसओचा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, सरासरीत जातो, ४ फोटोंची सरासरी काढली की तो निम्म्यावर येतो. पाणी आणि ढगही लांब एक्सपोजरसारखेच गुळगुळीत होतात.

फोकसचं सांगायचं तर ऑटोफोकसला अंधारात काहीतरी धरायला लागतं आणि ते बऱ्याचदा समोरच्या कठड्याला धरतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये लांबचा एक दिवा घ्या, स्क्रीनवर १० पट मोठा करा, रिंग हळू फिरवत तो ठिपका सगळ्यात लहान होईल तिथं थांबा आणि फोकस मॅन्युअलवर टाका. रिंग शेवटपर्यंत फिरवली की अनंत, हा समज सोडा, ऑटोफोकस लेन्स मुद्दाम अनंताच्या थोड्या पुढे जातात कारण तापमानाप्रमाणे फोकस सरकतो. आणि रिंगवर कसलीच खूण नसलेल्या इलेक्ट्रॉनिक फोकसच्या बऱ्याच लेन्स कॅमेरा बंद केला की फोकस विसरतात, बॅटरी वाचवायला बंद केलात तर पुन्हा तपासा.

दिव्यांना चांदण्या हव्या असतील तर एफ ११ ते १६. अॅपर्चरची पाती सम असतील तर तेवढीच टोकं, विषम असतील तर दुप्पट, म्हणजे ८ पात्यांना ८ आणि ७ पात्यांना १४. एफ २२ वर जाऊ नका, चांदण्या भारी येतात पण सगळा फोटो मऊ पडतो.

सगळं टेक्निकल बरोबर, तरी फोटो मेलेला

हा सगळ्यात चिवट प्रकार आणि इथे कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. रात्री डोळा फ्रेममधल्या सगळ्यात उजळ जागेकडे जातो, तुम्हाला तिकडे न्यायचा असो वा नसो. तुमचा विषय आहे लांबची सुंदर कमान, पण डाव्या कोपऱ्यात जवळचा एक रस्त्याचा दिवा लागलाय, तर फोटोचा विषय तो दिवा. म्हणून शटर दाबायच्या आधी डोळे मिचमिचे करून समोर बघा, किंवा टेस्ट फोटो अगदी लहान करून बघा, पहिलं लक्ष जिथे जातं तिथे काय आहे. चारही कडा फिरून या. नको असलेला दिवा एखाद्या खांबामागे, झाडाच्या बुंध्यामागे लपवता येतो, दोन पावलं डावीकडे सरकलं की काम होतं, तेच घरी पुसत बसलं तर तास जातो आणि त्याने भिंतीवर टाकलेला उजेड तरीही राहतो.

दुसरं, काळ्याचा हिशोब. दिवसा आकाश, रस्ता, पाणी काहीतरी दाखवत असतात, रात्री त्यातलं जे उजळलेलं नाही ते फोटोत भोक पडल्यासारखं दिसतं. आकाश निळं असेल तर त्याला जागा द्या, काळं झालं असेल तर निर्दयपणे कापा, इमारतींच्या डोक्यावर बोटभर ठेवलं तरी पुरे. खालची काळी नदी अर्धी फ्रेम खात असेल तर तिच्यात प्रतिबिंब आहे का बघा, नसेल तर तीही कापा. पाऊस थांबल्यावरचा पहिला तास सोडू नका, ओला रस्ता प्रत्येक दिवा दोनदा दाखवतो आणि ज्या डांबराचं काय करावं कळत नव्हतं तोच भाग सगळ्यात बोलका होतो.

रस्ता कोरडा असेल तर गाड्यांच्या रेघा. समोरून येणाऱ्यांच्या पांढऱ्या, जाणाऱ्यांच्या लाल. शटर किती ठेवायचं याचं उत्तर घड्याळात नाही, एक गाडी फ्रेममध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मनात आकडे मोजा, तेवढे सेकंद हवेत, नाहीतर रेघ मध्येच तुटते. सगळ्या येणाऱ्या गाड्या आल्या तर पांढरा रस्ता जळतो, त्यामुळे सिग्नल सुटायच्या जरा आधीच शटर उघडा आणि सुरुवातीच्या दहा-बारा गाड्या घ्या.

लेन्सबद्दल मी मत बदललंय. आधी वाटायचं शहर मोठं म्हणजे वाइड लेन्स हवी. वाइडने इमारती लांब पळतात आणि चिमुकल्या होतात, वर-खाली काळं मोकळं उरतं. आता ७० ते २०० मिलिमीटरची झूम घेऊन जाते, इमारती एकमेकींवर रचल्यासारख्या येतात, फ्रेममध्ये उजेड भरगच्च राहतो. फार उंचावरून काढलेलंही मला आवडत नाही, सगळं नकाशासारखं सपाट होतं. मधल्या उंचीवरून, पाचव्या-सातव्या मजल्याच्या आसपास, रस्ताही दिसतो आणि इमारतींचे माथेही. कॅमेरा वर तोंड करून धरला की इमारती मागे कलंडतात, तेव्हा कॅमेरा सरळच ठेवा आणि जरा लांबून काढून खालचा भाग नंतर कापा. सॉफ्टवेअरने सरळ करणार असाल तर कडेला मोकळी जागा ठेवा, ते कोपरे खातं.

रंग विचित्र येतात

जुने सोडियमचे पिवळे दिवे, नवे पांढरे एलईडी आणि निळं आकाश एकाच फ्रेममध्ये असतात, तिघांनाही बरोबर दाखवेल असा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला धरायचं ते सेटिंग, अस्तित्वातच नाही. ऑटोवर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो, म्हणून ३५०० ते ४००० केल्विनच्या मध्ये कुठेतरी ठोकून द्या, रॉ असेल तर नंतर हलवता येतं. दिवे थोडे पिवळे राहू द्या, ते पूर्ण पांढरे करायला गेलात की आकाश शाईसारखं होतं. लो प्रेशर सोडियमचा दिवा तर ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा एकच पिवळा रंग फेकतो, त्याच्याखालच्या लाल गाडीचा लाल रंग कॅमेऱ्यापर्यंत येतच नाही, तो कुठल्याही स्लायडरने परत येणार नाही, तिथे सरळ ब्लॅक अँड व्हाइट.

हातात धरून, जलद शटरने काढताना फोटोत आडवे पट्टे येत असतील तर ते विजेवरच्या दिव्यांचं लुकलुकणं. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, ६० हर्ट्झवर १२०. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि १/१०० किंवा १/५० ठेवा, ६० हर्ट्झ असेल तर १/६०. पाट्या मात्र त्यांच्या स्वतःच्या तालावर लुकलुकतात, त्यांना आणखी हळू शटर लागतं.

किरकोळ पण संध्याकाळ घालवणारे प्रकार

खिडकीच्या काचेतून काढताना खोलीतले सगळे दिवे बंद, लेन्स काचेला जवळजवळ टेकलेली आणि भोवती काळं कापड किंवा काळं जॅकेट. काच दुहेरी असेल तर कॅमेरा तिरका धरला की प्रत्येक दिवा दोनदा येतो, काटकोनात धरा.

चंद्र फ्रेममध्ये असेल तर लक्षात घ्या, त्याच्यावर ऊन पडलेलं आहे, शहराच्या १० सेकंदांत तो पांढरा गोळाच होणार, शिवाय तो २ मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो बहुतेकदा सूर्यास्ताच्या आधी उगवतो, तेव्हा चंद्राचा आणि बाकी दृश्याचा उजेड अजून सारखा असतो, त्या संध्याकाळी जा.

फोनवाल्यांसाठी पहिला उपाय म्हणजे लेन्स पुसा, मस्करी नाही, दिव्यांना लांब तिरक्या रेघा येतात त्या बहुतेक वेळा बोटाच्या तेलाच्या असतात. मग उजळ पाटीवर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करा आणि खाली ओढा. नाइट मोड बरेच छोटे फोटो काढून जोडतो, त्यामुळे फोन कशाला तरी टेकवून ठेवला की बरेच फोन स्वतःच जास्त वेळ घेतात आणि फोटो स्वच्छ येतो. मुख्य कॅमेराच वापरा, अल्ट्रावाइडचा सेन्सर बहुतेक फोनमध्ये लहान असतो.

एसीतून दमट हवेत आलात की लेन्सवर वाफ धरते आणि सगळ्या दिव्यांना वलय येतं, तुम्हाला वाटतं धुकं पडलंय. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, लवकर पोचायचं हेही एक कारण.

आणि एक शेवटचं, जे माझ्याबरोबर झालंय. ३० सेकंदांचा फोटो काढला, शटर बंद झालं आणि कॅमेरा ठप्प. कुठलंच बटण चालेना, लाल दिवा पेटलेला. मी बॅटरी काढून परत घातली, पुन्हा फोटो काढला, पुन्हा तेच, तिसऱ्यांदा बॅटरी काढेपर्यंत आकाश काळं. कॅमेरा बिघडलेला नव्हता, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू होतं. त्यात कॅमेरा फोटोनंतर तेवढाच वेळ शटर बंद ठेवून एक काळा फोटो काढतो आणि त्यातले तापलेले पिक्सेल मूळ फोटोतून वजा करतो, म्हणजे ३० सेकंदांच्या फोटोला एकूण एक मिनिट. ब्लू अवरच्या त्या १५-२० मिनिटांत हे परवडत नाही, मेन्यूत जाऊन बंद करा. मिनिटभराच्या वरचे बल्ब मोडचे, म्हणजे हवा तेवढा वेळ शटर उघडं ठेवून, फोटो काढणार असाल तरच चालू करा, आणि तेव्हा दुसरी बॅटरी खिशात ठेवा, गारठ्यात पहिली लवकर मान टाकते.